तीन बाटल्या, निळी सुई आणि शेजारच्या खोलीतल्या मॅडम

परवा माझं एकोणिसावं सलाईन झालं. आकडा इतका पक्का माहीत आहे कारण सिस्टर प्रत्येक वेळी वहीत नंबर टाकतात आणि मी मान वाकडी करून वाचते. सलाईन आपलं बोलायला, त्यात मिसळून जे देतात ते इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध, डॉक्टर लोक या सगळ्या प्रकाराला इन्फ्युजन म्हणतात आणि आमच्या घरी त्याला चार्जिंग म्हणतात. दर सहा आठवड्यांनी मी चार्ज होऊन येते. यातले पहिले तीन डोस मोठ्या हॉस्पिटलात झाले आणि पुढचे सोळा माझ्या डॉक्टर मॅडमच्या क्लिनिकमध्ये, साइडच्या खोलीत, खुर्चीवर बसून. दोन्हीकडे औषध तेच, डोस तोच, तरी दोन्हींत एवढा फरक का पडला हे बरेच जण विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी आजार. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा आणि कंबरेच्या सांध्यांचा सुजेचा आजार, यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वतःच्या सांध्यांवर उठते. झोपून उठलं की कंबर लाकडासारखी, आणि गंमत म्हणजे आराम केला की वाढतं, हालचाल केली की कमी होतं, त्यामुळे सुरुवातीला ज्याने त्याने "जरा आराम कर" सांगून माझी वाटच लावली. हा पुरुषांचा आजार असा एक समज होता त्यामुळे निदानाला आणखी उशीर. गोळ्या झाल्या, मग दर पंधरा दिवसांनी पोटावर घरीच टोचायचं अडॅलिमुमॅबचं पेन झालं, त्याने सव्वा वर्ष छान गेलं आणि मग हळूहळू त्याचा असर कमी झाला. म्हणून हे शिरेतून द्यायचं औषध. घरच्या घरी पेन मारायची सवय असलेल्या माणसाला "आता दर वेळी येऊन दोन तास नळी लावून बसायचं" हे ऐकून काय वाटतं ते वाटलेलं माणूसच जाणे.

पहिला डोस हॉस्पिटलात घ्यायचं मॅडमनीच सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या एकदोन वेळा शरीर कसं वागेल कुणालाच माहीत नसतं. त्याआधी टीबीची टेस्ट, छातीचा एक्सरे, कावीळ बी ची टेस्ट हे सगळं झालेलं, कारण हे औषध प्रतिकारशक्तीचा एक हात बांधून ठेवतं आणि आत कुठे जुना टीबी झोपलेला असेल तर तो उठून बसू शकतो.

तर पहिल्या दिवशी सकाळी आठला पोचले. ॲडमिशनचा फॉर्म, मग दुसरा फॉर्म, मग बेड नाही म्हणून बाकावर, साडेअकराला बेड मिळाला, मग फार्मसीतून औषध यायला वेळ, मग ते वर मिसळून येणार, मग ज्यांना सुई लावायची ते डॉक्टर राउंडला. सलाईन सुरू झालं दुपारी तीनला. दोन तास औषध, नंतर तासभर निरीक्षण, मग डिस्चार्ज पेपर, घरी आले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेलेले. दोन तासांच्या औषधासाठी बारा तास. नवऱ्याने पूर्ण दिवस सुट्टी टाकलेली आणि त्यातला बहुतेक वेळ तो लिफ्टसमोर उभा.

दुसऱ्या वेळी वेळ जरा कमी लागला पण सुई चार वेळा टोचली. माझ्या शिरा अशाच आहेत, वरून ठळक दिसतात आणि टोचायला गेलं की घसरतात. दर वेळी नवीन सिस्टर किंवा नवीन शिकाऊ डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून शोध, आणि मी सांगितलं की डाव्या हाताला मनगटाच्या वर बघा तर "हो हो बघतो" म्हणून कोपराच्या खोबणीतच घालणार. शेजारच्या बेडवर एक आजी सतत खोकत होत्या. आता मला त्याच क्षणी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चढतंय, म्हणून मी सिस्टरला हळूच विचारलं, तर त्यांनी मधला पडदा ओढला. पडदा!

आणि तिसऱ्या वेळी जे झालं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. त्या दिवशी अंग थोडं कोमट लागत होतं पण मला वाटलं दमणूक असेल. हॉस्पिटलच्या पद्धतीप्रमाणे औषधाची ऑर्डर सकाळीच गेली, तिकडे कुठेतरी वरच्या मजल्यावर तिन्ही बाटल्या मिसळून पिशवी तयार होऊन खाली आली, स्टँडला अडकवली, आणि मग कुणीतरी टेंपरेचर घेतलं. १०१. फोनाफोनी झाली, आणि वरून सांगण्यात आलं की ताप असताना द्यायचं नाही. अगदी बरोबर, अंगात इन्फेक्शन असताना हे औषध देत नाहीतच. पण हे औषध एकदा मिसळलं की ठेवता येत नाही, मिसळल्यापासून तीन तासांच्या आत चढवायला सुरुवात करायची असते. म्हणजे ती पिशवी गेली. माझ्या डोळ्यांसमोर एक मामा ती काढून घेऊन गेले. चूक कुणाची असं विचारत बसले तर तशी कुणाचीच नाही, प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं, फक्त थर्मामीटरवाला माणूस आणि औषध मिसळणारा माणूस यांची आयुष्यात कधी भेट झालेली नव्हती. माझा तिसरा डोस दहा दिवसांनी झाला आणि फुकट गेलेल्या औषधाच्या भरपाईचा वाद पुढे तीन महिने चालला.

त्यानंतरच्या तपासणीला गेले तेव्हा मॅडमसमोर रडूच आलं. त्या म्हणाल्या, "पुढचे डोस माझ्याकडे घ्याल का? साइडच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत." मला आधी वाटलं ह्या माझी समजूत काढतायत. क्लिनिकमध्ये सलाईन म्हणजे माझ्या डोक्यात जुलाब झाले की एक बाटली चढवतात ते चित्र. मी स्पष्ट विचारलं, मॅडम रागावू नका पण इथे काही झालं तर? त्या उठल्या आणि मला त्या खोलीत घेऊन गेल्या. कोपऱ्यात एक ट्रॉली, वरचा ड्रॉवर उघडला तर जोरदार रिॲक्शन आली तर लागणारी ॲड्रेनालिनची इंजेक्शनं, स्टेरॉइडची, ॲलर्जीची, सिरिंज सगळं रांगेत, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर कुठल्या तारखेला एक्स्पायरी तपासली ते लिहिलेलं, खाली ऑक्सिजन सिलिंडर, श्वास द्यायचा फुगा, बीपी आणि ऑक्सिजनचा मॉनिटर. म्हणाल्या, "आणि मी क्लिनिकमध्ये असल्याशिवाय इथे कुणालाही हे सुरू होत नाही." या शेवटच्या वाक्याचं महत्त्व मला पुढे कळलं, एकदा चिडून आणि एकदा घाबरून.

आता क्लिनिकमधला दिवस कसा जातो ते. दिलेल्या वेळेला गेलं की पहिलं काम वजन. डोस वजनावर असतो, माझ्या आजाराला किलोला ५ मिलिग्रॅम, आणि एका बाटलीत १०० मिलिग्रॅम पावडर, म्हणजे साठ किलोच्या आत असेन तर तीन बाटल्यांत भागतं आणि वर गेले की चौथी फोडावी लागते. त्यामुळे वजनाच्या काट्याशी माझं नातं भलतंच भावनिक झालंय. मग टेंपरेचर, बीपी, नाडी, "सर्दी-खोकला, लघवीला जळजळ, दातदुखी, कुठे जखम, कुठली लस घेतली का" ही प्रश्नावली, कारण यावर असताना जिवंत लसी, म्हणजे ज्यांत कमजोर केलेले पण जिवंत जंतू असतात त्या, चालत नाहीत. दोन दिवस आधी केलेला रक्ताचा रिपोर्ट मॅडम स्वतः बघतात. ह्या सगळ्यावर टिक झाल्यावर सुई. सुई नीट बसली, सलाईनने फ्लश केली, वाहतेय हे बघितलं, आणि त्यानंतर, लक्षात घ्या, त्यानंतर सिस्टर फ्रिजमधून माझ्या बाटल्या काढतात. म्हणजे हॉस्पिटलात जे शेवटी झालं ते इथे सगळ्यात आधी. त्यांना मी ती पिशवीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे मिसळणारी पण मीच आणि थर्मामीटरवाली पण मीच."

औषध मिसळताना बघणं हा माझा छंद झालाय. खुर्चीवरून समोरचं काचेचं टेबल दिसतं. प्रत्येक बाटलीत १० मिली पाणी, तेही धार पावडरवर नाही, काचेच्या कडेने सोडायचं. मग बाटली हलवायची नाही, खळखळवायची तर मुळीच नाही, तळहातावर हळूहळू फिरवायची, नाहीतर फेस येतो. पाच मिनिटं तशीच ठेवायची. पावडर विरघळली की रंग नसलेलं किंवा किंचित पिवळसर पाणी दिसतं. मग २५० मिलीच्या सलाईनच्या पिशवीतून आधी ३० मिली काढून टाकायचं आणि त्या जागी हे ३० मिली घालायचं. नळीला मध्ये एक बारीक फिल्टर असतो, १.२ मायक्रॉनचा, नसेल तर सुरूच करत नाहीत. बाटलीवरचा बॅच नंबर वहीत उतरतो. हॉस्पिटलातल्या तीन डोसांत मी यातलं काहीही पाहिलं नव्हतं, तिथे पिशवी आकाशातून यायची. मला यातलं फार कळतं असं नाही पण आपल्या अंगात जाणारी वस्तू आपल्या समोर तयार होते याने मनाला एक वेगळीच शांतता येते, स्वयंपाकघरात डोकावल्यासारखी.

शिरेचं तर काय सांगू. पहिल्याच वेळी सिस्टरनी माझ्या हाताला गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं लावली, पट्टा बांधला, बोटांनी चाचपत चाचपत मनगटाच्या चार बोटं वर थांबल्या आणि म्हणाल्या "ही आहे ना, ही जरा पळकुटी आहे, हिला खालून धरायला लागेल." खालून अंगठ्याने कातडी ताणली आणि निळी, म्हणजे २२ नंबरची सुई एका झटक्यात आत. वहीत लिहिलं "डावा हात, पुढची बाजू, २२, खालून ताण". सोळापैकी तेरा वेळा एकाच टोचण्यात झालंय. कोपराच्या खोबणीत का नाही हेही मला तिथे कळलं, हात जरा वाकला की सलाईन ठरलेल्या वेगाने सोडणारा पंप अडतो आणि ट्यॅंव ट्यॅंव करतो, मग दोन तास हात काठीसारखा धरून बसा. मनगटाच्या वर असली की हात मोकळा, पुस्तक धरता येतं, फोन धरता येतो. आदल्या संध्याकाळपासून भरपूर पाणी प्यायचं, थंडीत येताना फुल बाह्या घालून हात गरम ठेवून यायचं, हे बारकावेही त्यांचेच.

मग पंप सुरू. पहिली पंधरा मिनिटं ताशी फक्त १० मिली, अक्षरशः थेंब मोजत बसावं इतकं हळू, मग २०, मग ४०, मग ८०, प्रत्येकी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास १५० आणि शेवटचा अर्धा तास २५०. प्रत्येक पायरीला बीपी. हे असं पायरी पायरीने का, तर या औषधाची रिॲक्शन येऊ शकते. इन्फ्लिक्सिमॅब ही प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी आहे आणि तिचा साधारण पाव भाग उंदराचा आहे, उरलेला माणसाचा. १९९८ साली अमेरिकेत आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी पहिल्यांदा मंजूर झालं आणि नंतर सांध्यांच्या आजारांनाही वापरायला लागले. तर शरीर कधी कधी तो उंदराचा पाव भाग ओळखतं आणि बिथरतं.

माझं शरीर बिथरलं पाचव्या डोसला, क्लिनिकमधल्या दुसऱ्या. ८०ची पायरी सुरू होऊन सातआठ मिनिटं झाली असतील, मी मोबाईलवर काहीतरी बघत होते आणि आधी घशात आतून खाज आली. घशात खाज म्हणजे खाजवता पण येत नाही असली. मग कान गरम झाले. मी गप्प बसले, वाटलं खोली गरम असेल. सिस्टर पलीकडच्या काकूंचं बीपी घेत होत्या, त्यांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि मी एक शब्द बोलायच्या आत येऊन पंप बंद केला, नळीचा चाप लावला आणि मॅडमना हाक मारली. नंतर मी विचारलं तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाल्या "तुमची मान लाल व्हायला लागली होती, मागच्या वेळी नव्हती." मागच्या वेळी नव्हती! मला हे वाक्य कुणाला तरी फ्रेम करून द्यावंसं वाटतं. माझी मान मागच्या वेळी कशी होती हे माहीत असलेलं माणूस हॉस्पिटलात असणं शक्यच नव्हतं, त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष नाही, तिथे रोज वेगळी ड्यूटी.

मॅडम शेजारच्या खोलीत पेशंट तपासत होत्या, दार उघडून आल्या, किती सेकंद लागले असतील, गळ्यात स्टेथो होताच. छाती ऐकली, जीभ बाहेर काढायला लावली, ओठ सुजलेत का बघितलं, बीपी शंभरावर उतरलेलं, ऑक्सिजन ९८. छातीत थोडं आवळल्यासारखं वाटतंय का, पोटात दुखतंय का, असं एकेक विचारत होत्या आणि तोवर सिस्टरनी साधं सलाईन जोडून ॲलर्जीचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड भरून हातात दिलं. ॲड्रेनालिनची सिरिंजही काढून बाजूला ठेवली होती, ती लागली नाही. पंधरा-वीस मिनिटांत घसा शांत झाला, मान निवळली, बीपी वर आलं. मी घाबरून म्हटलं आता बंदच करू या. मॅडम स्टूल ओढून बसल्या, मला समजावलं की ही सौम्य रिॲक्शन आहे, श्वासाला त्रास किंवा सूज असती तर आज थांबलोच असतो, आता पुन्हा १० पासून सुरू करू आणि मी दर पायरीला येऊन बघीन. आणि खरंच आल्या. त्या दिवशी सलाईन संपायला साडेतीन तास लागले पण पूर्ण संपलं. आता मला दर वेळी सुईच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीची गोळी मिळते आणि त्यानंतर चौदा डोसांत पुन्हा काही झालं नाही.

मी हे सारखं मनात घोळवते की हाच प्रकार हॉस्पिटलात झाला असता तर बंद झालंच असतं, ट्रीटमेंट मिळालीच असती, ती चांगली जागा आहे. पण पुढे चालू करायचं की नाही हा निर्णय कोणी घेतला असता? ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलेलं, त्यांनी सावधपणे "बंद करा" लिहिलं असतं, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं. मग फाइलमध्ये "या औषधाची ॲलर्जी" असा शिक्का, आणि अडॅलिमुमॅब आधीच संपलेलं, म्हणजे हातातलं आणखी एक औषध गेलं असतं. या आजारात चालणारी औषधं मोजकीच असतात हो, एक हातचं जाणं परवडत नाही.

दुसरा फायदा असा की तपासणी आणि सलाईन एकाच दिवशी होतं. सुईच्या आधी मॅडम कंबर तपासतात. पाठीवर खाली पेनाने दोन खुणा, मध्ये १० सेंटिमीटर, मग गुडघे न वाकवता पुढे वाकायचं आणि टेपने मोजायचं, निरोगी पाठीत ते अंतर निदान ५ सेंटिमीटरने वाढतं. माझं सुरुवातीला अडीचने वाढायचं. आता चारवर आलंय. नवऱ्याला मी चार सांगितलं तर तो म्हणाला "पाचापैकी चार, म्हणजे फर्स्ट क्लास."

एकदा मी प्रवासामुळे डोस बारा दिवस पुढे ढकलला होता. काही नाही होत, असं स्वतःच ठरवून. सहाव्या आठवड्याच्या शेवटी कंबर बोलायला लागली, आठव्या आठवड्यात सकाळी मोजे घालायला नवरा लागला. क्लिनिकमधून सिस्टरचा फोन तर त्याआधीच आलेला, "ताई तुमची तारीख गेली." आल्यावर मॅडमनी जे सुनावलं ते ऐकून घ्यावं लागलं: मध्ये मोठा खंड पडला की शरीर या औषधाविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागण्याची शक्यता वाढते, मग असर पण कमी आणि रिॲक्शनची भीती जास्त. पेनचं जे झालं ते याचं करायचंय का, असं विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खोलीतली मंडळी हा एक वेगळाच भाग. तीन खुर्च्या, त्यात मी ठरलेली, बाकी बदलत राहतात. हाडं ठिसूळ झालेले एक काका वर्षातून एकदाच येतात, त्यांचं झोलेड्रोनिक ॲसिड पंधरा-वीस मिनिटांत संपतं, बूट काढून बसेपर्यंत उठायची वेळ. रिटुक्सिमॅब नावाचं, असंच शिरेतून जाणारं दुसरं औषध घेणाऱ्या काकू मात्र पूर्ण तयारीत येतात, शाल, उशी, विणकाम, कारण त्यांचं पहिलं इन्फ्युजन चार तासांच्या वर चाललं होतं. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलेलं की बाथरूमला सुई लावायच्या आधी जाऊन ये. किती साधी गोष्ट, पण हा सल्ला न ऐकणाऱ्याने सलाईनचा स्टँड ढकलत बाथरूमच्या उंबरठ्यावर त्याचं चाक अडकवून बघावं. त्या काकूंना बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे असं वर्षानुवर्षं करत जगता येतं. वॉर्डात आजूबाजूला सगळे माझ्यापेक्षा खूप आजारी, तिथून मी दर वेळी आहे त्यापेक्षा जास्त आजारी होऊन बाहेर पडायचे.

पैशांचं थोडक्यात. औषधाची किंमत तीच राहते, ती कुठेही कमी होत नाही, पण बेड, ॲडमिशन, वॉर्डचे चार्जेस अशा ज्या ओळी बिलात असायच्या त्या गेल्या. मात्र इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा आणि लेखी घ्या, कारण काही पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय पैसेच देत नाहीत आणि काही अगदी उलट, क्लिनिकमध्ये होत असेल तर हॉस्पिटलचं का म्हणून विचारतात. मला दोन पत्रं आणि एक सर्टिफिकेट लागलं.

सगळं गोड गोड आहे असं नाही. खुर्ची कितीही मागे होणारी असली तरी शेवटी खुर्चीच, माझ्यासारख्या कंबरवालीला दर अर्ध्या तासाने उठून उभं राहावं लागतं. क्लिनिक संध्याकाळी बंद होतं म्हणून दुपारनंतर कोणाचं मोठं सलाईन सुरू करत नाहीत, उशिरा पोचलात तर परत जा. आणि एकदा मी सुट्टी टाकून, रिक्षा करून, गोळ्या घेऊन वेळेवर जाऊन बसले आणि सिस्टर म्हणाल्या मॅडमना इमर्जन्सीसाठी बाहेर जावं लागलंय, आज होणार नाही. मी भडकले. म्हटलं तुम्ही आहात, मशीन आहे, औषध फ्रिजमध्ये आहे, मग अडतंय कुठे? त्या शांतपणे म्हणाल्या "ताई, मॅडम नाहीत तर नाही." बडबडत घरी आले. तोवर माझी ती लाल मानवाली घटना होऊन गेलेली होती, तरी मी भडकले, माणसाची मेमरी किती कच्ची असते बघा.

आणि हे सगळ्यांसाठी नाही हेही सांगते. ज्यांना आधी जोरदार रिॲक्शन आलीय, हृदयाचा मोठा त्रास आहे, किंवा शीर अशी की दर वेळी मोठे तज्ज्ञच लागतात, त्यांना मॅडम स्वतः हॉस्पिटलात पाठवतात. माझ्या मावसबहिणीला तिच्या डॉक्टरांनी क्लिनिकमध्ये देतो म्हटलं तेव्हा तिने मला फोन केला. मी तिला एवढंच म्हटलं, ट्रॉली दाखवा म्हण, डॉक्टर पूर्ण वेळ शेजारी असतील का विचार, आणि औषध कुठे मिसळतात ते बघ. ट्रॉली मागितल्यावर तिथल्या माणसाने "तसं कधी लागलंच नाही आम्हाला" असं उत्तर दिलं म्हणे. ती हॉस्पिटलातच घेते आणि मी तिला बरोबर केलंस असंच सांगितलं.

परवाच्या एकोणिसाव्याला मी काट्यावर उभी राहिले. चप्पल काढली, स्वेटर काढला, घड्याळ काढलं, पर्स तर आधीच खुर्चीवर. सिस्टर वही घेऊन थांबलेल्या. काटा ६०.२ वर गेला. मी खिशातून मोबाईल काढून त्यांच्या हातात दिला.

"५९.९," त्यांनी वाचलं आणि फ्रिजकडे बघत म्हणाल्या, "बसतंय ताई तीन बाटल्यांत. जा, आधी बाथरूमला जाऊन या."